स्टॅटिस्टिक्सचं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही? गणित परत करण्याआधी फरक मोजा

"सर, तीन वेळा केलं. तिन्ही वेळा २.२७ च येतंय. पुस्तकात २.१२ दिलंय."

संध्याकाळच्या बॅचला हे वाक्य, आकडे बदलून, आठवड्यातून दोनदा तरी माझ्या कानावर पडतं. वहीत खाडाखोड, कॅल्क्युलेटरवर राग आणि चेहऱ्यावर 'मला हा विषयच जमणार नाही' असा भाव. मी वही बघायच्या आधी एकच विचारतो: तिन्ही वेळा तेच आलं ना? मग बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. हाताची चूक दर वेळी वेगळं उत्तर देते. सारखं एकच उत्तर येतंय याचा अर्थ तुम्ही एका रस्त्याने चाललात आणि पुस्तक दुसऱ्या.

तेव्हा चौथ्यांदा तेच गणित करू नका. तुमचं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर शेजारी लिहा. एकदा वजा करा, एकदा भागा. तो फरक किंवा तो भागाकार बहुतेक वेळा स्वतःच सांगतो की कुठे फाटा फुटला. गेली काही वर्षं मी हीच पद्धत वापरतोय. दहातली आठ भांडणं दोन मिनिटांत मिटतात.

उदाहरणाला माझाच डेटा घेतो. भाड्याचं घर दाखवताना एजंट म्हणाला होता, "स्टेशन चालत बारा मिनिटं." राहायला गेल्यावर आठ दिवस मी घड्याळ लावून मोजलं: १२, १५, ११, १८, १४, १६, १३, १३ मिनिटं. बेरीज ११२, सरासरी १४. सरासरीपासूनची अंतरं −२, १, −३, ४, ०, २, −१, −१. त्यांच्या वर्गांची बेरीज ३६. हा ३६ लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

एसडी (प्रमाण विचलन) थोडं मोठं किंवा थोडं लहान येतंय

३६ ला ८ ने भागलं तर ४.५, वर्गमूळ २.१२. ३६ ला ७ ने भागलं तर ५.१४, वर्गमूळ २.२७. वरच्या तक्रारीतले दोन आकडे हेच. एकाने एनने, म्हणजे आकड्यांच्या संख्येने भागलं, दुसऱ्याने एन वजा एकने.

ओळखायची खूण सोपी आहे. मोठ्या एसडीला लहानाने भागा आणि भागाकाराचा वर्ग करा. २.२६७८ भागिले २.१२१३ म्हणजे १.०६९, वर्ग १.१४३. आता ८ भागिले ७ करून बघा: १.१४३. जुळलं की निकाल लागला, पुढे शोधायचंच नाही. एन मोठा असेल तर फरक इतका बारीक होतो की पोरं राउंडिंगवर खापर फोडतात. शंभर आकड्यांवर हा फरक जेमतेम अर्धा टक्का असतो.

मग बरोबर कोणतं? ते प्रश्नाच्या भाषेवर आहे. 'या आठ दिवसांचं प्रमाण विचलन काढा' असं असेल तर ते आठ दिवस हेच सगळं जग, भागा ८ ने. 'हा नमुना आहे, त्यावरून समष्टीचा अंदाज करा' असं असेल तर ७ ने (समष्टी म्हणजे सगळेच दिवस, न मोजलेलेही). वर्णनात्मक स्टॅटिस्टिक्सच्या प्रकरणात सहसा पहिलं, टेस्टिंगच्या प्रकरणात दुसरं.

'पण एक कमी का?' हे विचारणारा दर बॅचमध्ये एक तरी निघतो आणि तो मला आवडतो. वरची अंतरं बघा: त्यांची बेरीज शून्य येते, यावीच लागते. पहिली सात अंतरं सांगितलीत की आठवं मी न बघता सांगेन. म्हणजे मोकळी माहिती सातच तुकड्यांची. शिवाय सरासरी याच आकड्यांतून काढलेली असल्याने ती त्यांना जरा जास्तच जवळची असते, म्हणून ३६ हा आकडा खऱ्या पसाऱ्याच्या मानाने थोडा लहान पडतो. ७ ने भागून ती कमतरता भरून काढायची.

यंत्रं या बाबतीत फार घोळ घालतात. कॅसिओच्या जुन्या मॉडेलांवर 'सिग्मा एन' आणि 'सिग्मा एन वजा एक' असं स्वच्छ लिहिलेलं असायचं. नव्यांवर 'सिग्मा एक्स' आणि 'एस एक्स' असतं. यातला सिग्मा म्हणजे एनने भागलेला. पोरांनी पुस्तकात एसडीसाठी सिग्माचं चिन्ह बघितलेलं असतं, त्यामुळे टी-टेस्टच्या (नमुन्यावरून सरासरीचा दावा तपासायच्या) गणितातही हात आपोआप तिकडे जातो. एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही.एस म्हणजे नमुन्याचं, एसटीडीईव्ही.पी म्हणजे समष्टीचं. पायथॉनवाल्यांची तर खरी गंमत आहे: नमपाय आपणहून एनने भागतं, पांडाज आपणहून एन वजा एकने. एकाच नोटबुकमध्ये, एकाच कॉलमवर दोन उत्तरं! दोघांनाही डीडीओएफ (एनमधून किती वजा करायचं ते) हा पर्याय आहे, तो हाताने लिहायची सवय लावा. आर या भाषेत एसडी फंक्शन एन वजा एकनेच भागतं.

टी-टेस्टचं उत्तर चुकतंय आणि निष्कर्षही उलटा येतोय

हे दुखणं पहिल्याचंच धाकटं भावंड, पण जास्त उपद्रवी. कारण इथे विद्यार्थी दोन बरोबर पुस्तकं वापरून एक चूक उत्तर काढतो.

प्रश्न: सरासरी १२ मिनिटं हा एजंटचा दावा ५ टक्के पातळीवर तपासा.

आजच्या बहुतेक पुस्तकांतलं सूत्र असं: एन वजा एकने भागलेलं एसडी घ्या, त्याला एनच्या वर्गमुळाने भागा. २.२६७८ ÷ √८ = ०.८०१८. टी म्हणजे (१४ − १२) ÷ ०.८०१८ = २.४९.

आपल्याकडच्या काही जुन्या पुस्तकांत, आणि त्यावरून उतरलेल्या कित्येक नोट्समध्ये, सूत्र वेगळं दिसतं: एनने भागलेलं एसडी घ्या आणि त्याला एन वजा एकच्या वर्गमुळाने भागा. २.१२१३ ÷ √७ = ०.८०१८. टी तोच, २.४९. दोन्ही सूत्रं एकच आहेत, फक्त वजा एक कुठे करायचा ती जागा बदलली.

आता विद्यार्थी काय करतो? एसडी काढतो कॉलेजच्या नव्या पुस्तकातून, २.२६७८. आणि टीचं सूत्र घेतो सीनियरच्या नोट्समधून, √७ वालं. २.२६७८ ÷ √७ = ०.८५७१. टी आला २.३३. तक्त्यात ७ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (मोकळ्या माहितीचे वरचे सात तुकडे), दोन्ही बाजूंच्या टेस्टसाठी ५ टक्क्यांचा आकडा आहे २.३६५. खरा टी २.४९ त्याच्या वर, म्हणजे दावा फेटाळा. याचा टी २.३३ त्याच्या खाली, म्हणजे दावा फेटाळता येत नाही. एजंट सुटला!

उलटी खिचडीही होते. २.१२१३ ÷ √८ = ०.७५, टी २.६७. इथे वजा एक कुठेच झाला नाही.

खूण: तुमच्या टीला पुस्तकाच्या टीने भागून वर्ग करा. ७/८ किंवा ८/७ आलं तर वजा एक दोनदा झालाय किंवा एकदाही नाही. २.३३३ भागिले २.४९४ चा वर्ग ०.८७५, म्हणजे बरोब्बर सात अष्टमांश. उपाय: एसडी आणि टी ही दोन्ही सूत्रं एकाच पुस्तकाची घ्या, आणि वहीत एसडीच्या आकड्याशेजारी '÷७' की '÷८' हे बारीक अक्षरात लिहून ठेवा. परीक्षेतही लिहा. तपासणाऱ्याला तुम्ही कुठून आलात ते कळतं.

याच प्रश्नात टीऐवजी झेडचा १.९६ वापरणारेही असतात. आठच आकडे आहेत आणि समष्टीचं एसडी माहीत नाही, तेव्हा इथे झेड चालणार नाही. लहान नमुन्याची ही अडचण १९०८ साली विल्यम गॉसेटने सोडवली. तो डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होता आणि 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहायचा. म्हणून 'स्टुडंट्स टी'. विद्यार्थ्यांचा छळ करते म्हणून ते नाव पडलेलं नाही, हे मला दर वर्षी सांगावं लागतं.

संभाव्यतेत बरोब्बर ०.५ चा फरक

दुधाच्या पिशवीत सरासरी ५०० मिली, एसडी ४ मिली, वितरण नॉर्मल. ५०५ मिलीपेक्षा कमी दूध असण्याची संभाव्यता किती? झेड = (५०५ − ५००) ÷ ४ = १.२५. पुस्तकाचं उत्तर ०.८९४४. तुमचं ०.३९४४. वजाबाकी बरोब्बर अर्धी.

बाजारात दोन तऱ्हेचे झेड-तक्ते आहेत. एक मध्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतो, दुसरा डाव्या टोकापासूनचं सगळं. सर एका तक्त्यावर शिकवतात, मोबाइलवर दुसराच सापडतो. 'जास्त असण्याची' संभाव्यता विचारली की हाच घोळ उलट्या रूपात येतो: बरोबर उत्तर ०.१०५६, पण मध्यापासूनच्या तक्त्यातला ०.३९४४ एकातून वजा करून पोरं ०.६०५६ लिहितात. तिथेही फरक अर्ध्याचाच.

नवा तक्ता हातात आला की आधी झेड = ० ची नोंद बघा. तिथे ०.०००० असेल तर तक्ता मध्यापासूनचा, ०.५००० असेल तर डाव्या टोकापासूनचा. पाच सेकंदांचं काम आहे. आणि घंटेची आकृती काढून हवा तो भाग पेन्सिलने रंगवा. ०.६०५६ लिहिणाऱ्याने आकृती काढली असती तर सरासरीच्या वरचा इवलासा शेपटाचा तुकडा निम्म्याहून मोठा कसा, हे त्याचं त्यालाच दिसलं असतं.

पी-व्हॅल्यू (दावा खरा असताना इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता) दुप्पट किंवा निम्मी आली तर एक बाजू की दोन बाजू एवढाच प्रश्न आहे. 'वेगळी आहे का' म्हणजे दोन, 'जास्त आहे का' किंवा 'कमी आहे का' म्हणजे एक. (खरं सांगायचं तर एजंटच्या बाबतीत मला 'जास्त आहे का' एवढंच विचारायचंय. ते डेटा बघायच्या आधी ठरवलेलं असेल तर एका बाजूचा आकडा १.८९५ लागतो, आणि मग वरच्या तिन्हीपैकी कोणत्याही टीने तो अडकतोच.)

वर्गांतरांची गणितं

यात दोन खुणा पाठ करा. एसडी नेमकं ५ पट किंवा १० पट लहान येतंय, म्हणजे वर्गांतराच्या रुंदीएवढं, तर स्टेप डेव्हिएशनमध्ये (अंतरं रुंदीने भागून लहान करायची रीत) शेवटी एचने, म्हणजे त्याच रुंदीने गुणायचं राहिलंय. व्हेरिअन्स (एसडीचा वर्ग) असेल तर एचच्या वर्गाने.

आणि मध्यक अर्ध्याने चुकतोय, पण सरासरी मात्र जुळतेय, तर वर्ग १०–१९, २०–२९ असे आहेत आणि तुम्ही सीमा जोडून घेतल्या नाहीत. समजा वारंवारता ५, १२, ८. मध्यकाचा वर्ग २०–२९. खालची सीमा १९.५ घ्यायची: १९.५ + (१२.५ − ५) ÷ १२ × १० = २५.७५. सीमा २० घेतली की २६.२५. रुंदीही १० च, ९ नाही. सरासरी का जुळते? कारण १० आणि १९ चा मध्य १४.५, आणि ९.५ व १९.५ चा मध्यही १४.५. एक जुळतंय आणि एक नाही, म्हणून पोरं जास्त गोंधळतात.

चतुर्थकाची तीन उत्तरं, तिन्ही बरोबर

माझेच आठ आकडे चढत्या क्रमाने: ११, १२, १३, १३, १४, १५, १६, १८. पहिलं चतुर्थक (ज्याच्या खाली पाव आकडे येतात ते)?

आपल्या पुस्तकांतलं नेहमीचं सूत्र (एन + १) ÷ ४, म्हणजे २.२५ वा आकडा: १२.२५. एक्सेलचं क्वार्टाइल.आयएनसी देतं १२.७५. खालच्या निम्म्या चार आकड्यांचा मध्यक काढा ही तिसरी रीत, तिचं उत्तर १२.५. एक्सेलमध्येच क्वार्टाइल.ईएक्ससी वापरलंत तर पुन्हा १२.२५. आरमध्ये क्वांटाइल फंक्शनला एकूण नऊ प्रकार आहेत, न सांगता ते एक्सेलच्या आयएनसीसारखं वागतं.

इथे चूक कुणाचीच नाही, त्यामुळे सुधारायचंही काही नाही. असाइनमेंट कोणत्या पद्धतीने मागितलीय ते विचारा आणि तीच वापरा. हाताने सोडवून एक्सेलवर पडताळायचं असेल तर ईएक्ससी घ्या. एवढ्यावर मी माणसांना अर्धा तास भांडताना पाहिलंय.

काय-स्क्वेअर सॉफ्टवेअरमध्ये लहान येतो

दोन बाय दोनचा तक्ता. पहिली ओळ ३०, २०. दुसरी ओळ २०, ३०. हाताने काय-स्क्वेअर (ओळी आणि स्तंभ यांत संबंध आहे का ते तपासणारा आकडा) ४.०० येतो. एका डिग्रीला ५ टक्क्यांचा आकडा ३.८४, म्हणजे संबंध आहे. आरमध्ये तोच तक्ता टाकला की ३.२४, म्हणजे संबंध सिद्ध होत नाही. रात्री अकरा वाजता मेसेज येतो: "सर, आर चुकीचं सांगतंय का?"

नाही. दोन बाय दोनचा तक्ता दिसला की आर न विचारता येट्सची दुरुस्ती लावतं. फ्रँक येट्सने ती १९३४ मध्ये मांडली. आपल्या अभ्यासक्रमात ती सहसा एखाद्या घरातली वारंवारता ५ पेक्षा कमी असतानाच वापरतात. इथे प्रत्येक घराची अपेक्षित वारंवारता २५ आहे, त्यामुळे गृहपाठाला ४.०० लिहा. आरमध्ये 'करेक्ट' या पर्यायाला 'फॉल्स' दिलं की तेही ४ च सांगेल. दोन उत्तरांनी निष्कर्ष बदलतोय याचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. ४ हा ३.८४ च्या उंबरठ्यावरचाच आकडा आहे, एवढ्याशा धक्क्याने तो इकडचा तिकडे होणारच. अहवालात तसं एक वाक्य लिहिणारा विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

काय-स्क्वेअर नेमका निम्मा किंवा तिसरा हिस्सा येत असेल तर तुम्ही माणसांऐवजी टक्के टाकलेत. २०० जणांच्या पाहणीचे टक्के करून गणित केलं की उत्तर अर्धं होतं.

व्हेरिअन्स ऋण आलाय, कॅल्क्युलेटर मॅथ एरर म्हणतोय

तीन आकडे: २५४, २५५, २५५. सरासरी २५४.६६६७, पण वहीत उतरवली २५४.६७. आता वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करा: ६४८५५.३३ − ६४८५६.८१ = −१.४८. वर्गमूळ कुठून येणार? खरा व्हेरिअन्स ०.२२ आहे. सरासरीत तिसऱ्या दशांश स्थानी केलेली काटकसर वर्ग करताना पाचशेपटीने वाढली. मोठे आणि एकमेकांजवळचे आकडे असले की हे सूत्र दगा देतं. तेव्हा सगळ्यांतून २५० वजा करा, ४, ५, ५ वर गणित करा. एसडी बदलत नाही. आणि मधली उत्तरं कॅल्क्युलेटरच्या मेमरीत ठेवा, गोल करायचं ते शेवटी, एकदाच.

कॅल्क्युलेटरचंच आणखी एक: स्टॅट मोडमध्ये आकडे टाकून झाले की सगळ्यात आधी एन बघा. जुन्या मॉडेलांत मागच्या गणिताचा डेटा तसाच बसून राहतो. ८ आकडे टाकलेत आणि एन १४ दाखवतोय तर आधीच्या गणितातले सहा जण अजून घरात आहेत. शिफ्ट, क्लिअर, मग पहिला पर्याय, आणि पुन्हा सुरुवात.

कशातच बसत नाही

भागाकार जुळत नाही, वजाबाकी जुळत नाही, सूत्र तपासलं, डेटा दोनदा वाचला. आता पुस्तकावर संशय घ्यायला हरकत नाही. पण तो नुसता घेऊ नका, सिद्ध करा.

पुस्तकाच्या सरासरीला एनने गुणा. समजा माझ्या आठ आकड्यांची सरासरी पुस्तकाने १७.३७५ दिलीय. गुणिले ८ म्हणजे १३९. माझी बेरीज ११२. फरक २७. कॉमर्सच्या मुलांना इथे तेरीजपत्रक (ट्रायल बॅलन्स) आठवायला हवं: फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाल्याचा दाट संशय. २७ ला ९ ने भागलं की ३. म्हणजे ज्या संख्येच्या दोन अंकांत ३ चा फरक आहे अशी संख्या शोधा. आठ आकड्यांत तशी एकच आहे, १४. तिची ४१ झालेली. उत्तर काढणाऱ्याने ४१ धरलं आणि प्रश्नात १४ छापलं, किंवा उलट.

पुस्तकात तिथे पेन्सिलने दुरुस्ती करून ठेवा. पुढच्या वर्षी ते पुस्तक धाकट्या बहिणीकडे जाणार, आणि तीही तेच गणित तीन वेळा करणार.